पाहुण्याच्या हातचं इंजिन ऑइल

पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेला माणूस मला माझ्याखेरीज अजून भेटलेला नाही. त्या वर्षांत तर वर्तमानपत्रात यवतमाळचं नाव आलं की शेजारी कापसाच्या भावाची बातमी असायची आणि ती चांगली नसायची. त्यामुळे ऐन मार्चमध्ये मी आणि माझी बायको मंदा तिकडे निघालो तेव्हा सोसायटीतल्या मंडळींनी "तिकडे कोणी आजारी आहे का?" असंच विचारलं. मी म्हटलं, "हो, एक इंजिन."

हे सांगताना मी गंभीर होतो. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा चिटणीस आहे. दर रविवारी सकाळी आम्ही आपापल्या जुन्या मोटारी आणि मोटारसायकली बाहेर काढतो, चहाच्या टपरीपर्यंत नेतो, दोन तास त्यांच्या तब्येतीविषयी बोलतो आणि परत आणून कापडानं झाकून ठेवतो. मंदा याला "आजोबांना फिरवून आणणं" म्हणते. मंडळात प्रत्येकाचा एकेक विषय आहे आणि माझा विषय इंजिन ऑइल. डब्यावर जे आकडे असतात त्यांचा अर्थ काय, कोणतं तेल थंडीत घट्ट होतं आणि कोणतं उन्हात पाण्यासारखं पातळ होतं, यावर मी न विचारता पाऊण तास बोलू शकतो. माझ्या स्वतःच्या अडुसष्ट सालच्या मोटारीत मी भारीतलं भारी, पातळ सिंथेटिक तेल घालतो आणि ती शहाण्या मुलीसारखी चालते. त्या मोटारीचं इंजिन तीन वर्षांपूर्वी पूर्ण उघडून आत नवे पिस्टन आणि तेल गळू न देणारी नवी सीलं बसवली आहेत, ही गोष्ट मात्र व्याख्यानात सांगायची राहून जाई.

दिवाकर थूल हा माझा जुना मित्र. तो बी.एड.ला पुण्यात होता तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे तो पांढरकवड्याच्या आतल्या अंगाला, जंगलालगतच्या आपल्या गावी शाळामास्तर झाला. सात वर्षांपूर्वी त्यानं सरकारी लिलावातून एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. फोनवर बोलता बोलता तो म्हणाला की या आठवड्यात जीपचं तेल बदलायचं आहे. मी विचारलं, कोणतं घालतोस? तो म्हणाला, "चाळीस नंबर. नेहमीचं." चाळीस नंबर म्हणजे जुन्या पद्धतीचं साधं, जाड तेल. आमच्या मंडळात त्याचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडतात. मी म्हटलं, "थांब, हात लावू नकोस, मी येतो." आणि पाच लिटरचा सिंथेटिक तेलाचा डबा मंदाच्या साड्यांमध्ये नीट बसवून आम्ही निघालो.

पहिला दिवस : पांढरकवडा

यवतमाळहून पुढच्या एसटीत डबा पायाशी ठेवावा लागला. कंडक्टरनं विचारलं, "कायचं तेल हाये काका? शेंगदान्याचं?"

"इंजिनाचं," मी म्हटलं.

"मंग आमच्या गाडीत टाका थोडं. लय आवाज करून राह्यली."

डिझेल इंजिनाला हे तेल का चालत नाही ते मी त्याला समजावू लागलो. तो सगळ्या गाडीची तिकिटं फाडून परत आला तरी मी समजावतच होतो, फक्त आता शेजारच्या एका म्हातारबाईंना. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मंदाचं म्हणणं असं की त्या आपल्या गावाच्या एक थांबा आधीच उतरल्या.

पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. उत्तरेचे ट्रक दक्षिणेला आणि दक्षिणेचे उत्तरेला जाताना इथे जेवतात, टायर बदलतात, आणि ड्रायव्हर खाटेवर तासभर पडून घेतात. दिवाकर स्टँडवर न्यायला आला होता. केस पांढरे झालेले, पण हसणं तेच. आधी तर्री-पोहे झाले. आपण पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरतो, लिंबाची फोड ठेवतो आणि त्यांना जपून खातो. इथे त्याच पोह्यांवर लालभडक, तिखटजाळ हरभऱ्याचा रस्सा पळीनं ओततात. मंदानं दोन प्लेटी खाल्ल्या. मी एका प्लेटीत उचक्यांवर आलो आणि पाण्याचे तीन पेले संपवले.

खाताना दिवाकरनं तेलाची घाई का होती ते सांगितलं. त्याच्या शेजारी भीमाबाई आत्राम राहतात. त्यांची सून सुनीता हिचे दिवस भरत आले होते. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. गावात येणाऱ्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं होतं की मूल पायाळू आहे, म्हणजे पोटात उलटं आहे, पाय खाली. घरी बाळंतपण करायचं नाही, कळा सुरू झाल्या की तडक पांढरकवड्याला दवाखान्यात आणायचं.

"गावात दुसरी गाडी नाही," दिवाकर म्हणाला. "बस सकाळी सातले जाते अन् संध्याकाळी येते. मोटारसायकलवर बसवता येत नाही तिले. म्हून म्हटलं, जीप तयार ठेवू."

मी म्हटलं, मग तर चांगलंच तेल हवं.

हनीफभाईंचं गॅरेज म्हणजे हायवेच्या कडेला कडुनिंबाखाली चार पत्रे. हनीफभाई साठीचे, दाढी पांढरी, चष्मा दोरीनं गळ्यात. आत गेल्यावर माझी नजर भिंतीवर खिळली. खिळ्यांना जुन्या कॅलेंडरांची पानं टांगली होती, प्रत्येक गाडीचा एक गठ्ठा. गाडी आली की हनीफभाई इंजिनातली तेलपट्टी बाहेर काढतात आणि तिच्या टोकाचा एक थेंब त्या दिवसाच्या तारखेच्या चौकोनावर टाकतात. थेंब वाळला की त्याचा डाग वाचतात. मधे काळं आणि भोवती तपकिरी कडं छान पसरलेलं असेल तर तेलात अजून जीव आहे. सगळं काळं मधेच गोठून बसलं तर तेल संपलं. दिवाकरच्या जीपची सात वर्षांची पानं तिथे होती. आमच्या मंडळात इतकी व्यवस्थित नोंद कोणाकडेही नाही, माझ्याकडेही नाही.

आम्ही बसलो असतानाच एक दूधवाला आला. त्याची जुनी मोटारसायकल होती आणि मेहुण्याकडे उरलेलं मोटारीचं तेल तो एका डब्यातून घेऊन आला होता, तेवढंच इंजिनात घाला म्हणून. हनीफभाईंनी डब्यावरचं लेबल वाचलं आणि त्याच्यावर उखडले.

"दिमाग फिरला काय तुहा? तुह्या गाडीचा क्लच तेलातच बुडून असते. हे टाकशीन तं क्लच घसरन. चढावर गाडी नुसती बोंबलन अन् तू उभा राहाशीन उन्हात दूध घेऊन. चाल, घेऊन जाय थो डबा."

दूधवाला निमूटपणे झाकण लावून गेला. हे अगदी बरोबर होतं. मोटारसायकलीत इंजिन आणि क्लच एकाच तेलात असतात आणि मोटारीच्या तेलातली निसरडी रसायनं क्लचला चालत नाहीत. मंडळात हे कळायला आम्हाला दोन क्लच जाळावे लागले होते. माणूस जाणकार आहे असं मनात म्हणत मी माझा डबा पुढे केला.

हनीफभाईंनी डबा फिरवून पाहिला, थेंबभर तेल बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला. मग फार हळू म्हणाले, "तेल एक नंबर आहे, साहेब. लय महाग असन."

"आहेच."

"जुन्या इंजनात काळा, चिकट मैल जमते, साहेब. कधी कधी थो मैलच इंजनले धरून ठेवते. हे तेल तं सारं धुऊन काढन."

"तेच तर पाहिजे," मी म्हटलं.

"आमी चाळीस नंबर टाकतो. गरमीत जाडं तेल बरं पडते."

मग मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. तेलाचा थर, तापमान, आकडे, परदेशी मासिकातला लेख. हनीफभाईंनी मधे एकदाही न तोडता ऐकलं, आमच्यासाठी चहा मागवला आणि शेवटी म्हणाले, "तुमी म्हनता तं बराबर असन. टाका, तुमच्याच हातानं टाका."

मला तो मान वाटला. उद्घाटनाला फीत कापायला देतात तसा. दिवाकर त्या वेळी हायवेवरचे ट्रक फार लक्षपूर्वक पाहत होता. माझ्या हातानं मी साडेचार लिटर तेल ओतलं आणि मंदाला म्हटलं, फोटो काढ.

गावात

जीपमधून काढलेलं काळं, जळकं तेल दिवाकरनं एका पत्र्याच्या डब्यात भरून बरोबर घेतलं होतं. आपल्याकडे ते गॅरेजवालाच ठेवून घेतो आणि कोणी विचारत नाही. इथे जीप अंगणात उभी राहते न राहते तोच घराघरांतून बाटल्या आल्या. ज्याच्या घरी बैलगाडी त्याची एक बाटली, असा नियम. गाडीच्या आसाला ते तेल लावतात, आणि उरलेली बाटली गाडीखाली टांगून ठेवतात. दिवाकरची बायको, शीलावहिनी, ओट्यावर बसून गाळणीनं सारखं वाटून देत होत्या. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही.

मंदा म्हणाली, "तुम्ही आणलेल्यापेक्षा यालाच मागणी जास्त दिसते."

भीमाबाई पाहुणे बघायला आल्या. सत्तरीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेल्या. मला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, "पुन्यात कापूस पिकते का?"

"नाही."

"मंग आंगावर काय घालता?"

मी माझ्या सदऱ्याची बाही चाचपली. त्या मंदाकडे वळल्या आणि दोघी अशा बोलू लागल्या की जणू मागच्या आठवड्यातच भेटल्या होत्या. सुनीताही येऊन दाराशी टेकून उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची, फार कमी बोलणारी, एक हात कमरेवर.

जेवायला गोळाभात होता. डाळीच्या पिठाचे तिखट गोळे भातातच शिजवतात आणि वरून फोडणीचं तेल ओततात. आपल्याकडे "अजून वाढू का?" असं विचारतात आणि पाहुणा "नको" म्हणाला की दोघेही सुटतात. इथे विचारत नाहीत. ताट रिकामं दिसलं की भरतात. मी तीन वेळा सुटायचा प्रयत्न केला.

झोपायची सोय पाहुण्यांच्या खोलीत होती आणि त्या खोलीत छातीभर कापूस होता. भाव पडलेला, विकायला मन होत नाही, म्हणून त्या वर्षी घरोघरी कापूस माणसांच्या खोल्यांत राहायला आला होता. शीलावहिनींनी कापसावरच सतरंजी अंथरली. ढगांवर झोपल्यासारखं वाटेल असं मी मंदाला म्हटलं. सकाळी दोघांच्या अंगावर बारीक पुरळ होतं आणि आम्ही एकमेकांची पाठ खाजवत चहाला बसलो. दिवाकरच्या घरची माणसं तीन महिने अशीच झोपत होती.

दुसरा दिवस : राळेगावचा रस्ता

सुनीताला अजून आठ-दहा दिवस आहेत असं नर्सबाई म्हणाल्या होत्या, म्हणून दिवाकरच्या बहिणीकडे जेवायला राळेगावला निघालो. पळस फुलला होता. पानं एकही नाही आणि झाडभर केशरी फुलं. मोहाच्या झाडांखाली बाया-पोरी फुलं वेचत होत्या, आणि सगळ्या रानाला गोडसर, किंचित आंबलेला वास होता. मंदानं दोन फुलं तोंडात टाकली आणि मला म्हणाली, "तुम्ही नका खाऊ, आधीच खूप बोलता."

जीप मात्र खरोखर छान चालत होती. इंजिनाचा आवाज मऊ झाला होता. मी दिवाकरला दर दोन मैलांनी विचारत होतो, "फरक जाणवतो का?" तो म्हणे, "जानवते ना बे, लय जानवते."

वाटेत जिथे जिथे थांबलो तिथे उतरल्यावर दिवाकर जीपच्या कडेला जाऊन पायानं खालची माती सारत उभा राही. मास्तर माणसाची सवय, मला वाटलं. ही सवय त्याला फक्त कालपासून लागली आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

राळेगावला कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली होती. गाड्या कालपासून उभ्या होत्या. बैल सोडून बाजूला बांधले होते आणि गाडीवान गाडीखाली सावलीत पत्ते खेळत होते. एकाला मी विचारलं, नंबर कधी लागेल?

"लागन," तो म्हणाला. "तुमी बसा. चार पत्ते वाटतो तुमाले."

पुण्यात बँकेच्या रांगेत दहा मिनिटं झाली की मी मॅनेजरला भेटायची भाषा करतो. इथे दोन दिवस उभा असलेला माणूस मला बसायला जागा करून देत होता. मी बसलो आणि दोन डाव हरलो. त्याच्या गाडीखाली दिवाकरकडच्यासारखीच तेलाची बाटली लटकत होती.

परत येताना जीपच्या तेलदाबाचा काटा नेहमीपेक्षा खाली आहे असं मला वाटलं. नवं तेल पातळ असतं, काटा खालीच राहणार, असं मी दिवाकरला समजावलं. तो हो म्हणाला. माझ्या आयुष्यात मला इतका सहमत होणारा माणूस कधी मिळाला नव्हता.

तिसरा दिवस

सकाळी नवाच्या सुमाराला भीमाबाई अंगणात आल्या. धावत नव्हत्या, पण पावलं भराभर पडत होती.

"गुरुजी, गाडी काढा. पानी गेलं तिचं."

दिवाकर आधीच जीपपाशी होता. बॉनेट उघडं, हातात तेलपट्टी. पट्टी कोरडी होती. जीपखाली शीलावहिनींनी पहाटे राख पसरली होती आणि ती राख भिजून काळी झाली होती. मी खाली वाकून पाहिलं. इंजिन जिथे गिअरबॉक्सला जोडलेलं असतं त्या फटीतून माझं महागडं तेल टिपटिप गळत होतं. तीस वर्षं जुन्या सीलला जो मळ धरून होता तो त्या तेलानं दोन दिवसांत धुऊन काढला होता. हनीफभाईंनी अगदी हेच सांगितलं होतं.

डब्यात उरलेलं अर्धा लिटर मी ओतलं. मी वाकून बघेपर्यंत तेही खाली आलं. सकाळची बस गेली होती. पांढरकवड्याला मोटारसायकल पाठवून जाड तेल आणायचं तर दीड तास. शेजारच्या घरातून सुनीताचा आवाज येत होता. मला मनापासून वाटलं की मी आलोच नसतो तर बरं झालं असतं.

"परवाचं जळकं तेल हाये ना घरोघरी," भीमाबाई म्हणाल्या.

त्या स्वतःच वळल्या आणि गल्लीतून हाका देत गेल्या. पाच मिनिटांत बाटल्या आल्या. काही घरातून, काही अंगणात भरून उभ्या असलेल्या बैलगाड्यांच्या खालून सोडवलेल्या. सगळ्यांत तेच काळंकुट्ट चाळीस नंबर, त्यात धूळ आणि कडब्याचे तुकडे. गाळायला काय घ्यावं? कोणीतरी मूठभर कापूस आणला, पण त्याचे तंतू इंजिनात अडकतील म्हणून दिवाकरनं तो परत दिला. मंदानं आपली मऊ सुती साडी आणली आणि दातानं फाडली. चार पदरी कापडातून ते जाड तेल थेंबाथेंबानं उतरत होतं आणि मी नरसाळं धरून उभा होतो. असलं तेल इंजिनात घालणाऱ्याला सभासद करून घेऊ नये असा ठराव आमच्या मंडळात मीच मांडलेला आहे.

दिवाकरनं किल्ली फिरवली. काटा थरथरला आणि मध्यावर आला.

मागे सुनीता, तिच्या एका बाजूला भीमाबाई, दुसऱ्या बाजूला मंदा. पुढे मी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उरलेल्या बाटल्या. वाटेत तीनदा थांबलो, कारण काटा पडायला लागला की तेल घालावं लागे. दुसऱ्या वेळी चढावर थांबलो तेव्हा बॉनेट इतकं तापलं होतं की हात धरवेना. मी घाईनं बाटली उपडी केली. तेल तापलेल्या नळीवर सांडलं आणि धूर उठला. सुनीतानं जीपचा लोखंडी बार घट्ट पकडला होता. ती एवढंच म्हणाली, "काका, झालं का?"

मला त्या वेळी मासिकातलं एकही वाक्य आठवलं नाही. मला फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती मी आजही जशीच्या तशी सांगू शकतो.

पोचलो. सिस्टरबाईंनी स्ट्रेचर आणलं आणि सुनीताला आत नेलं. भीमाबाई आणि मंदा बाहेर बाकावर बसल्या. तिथे मला बघवेना म्हणून मी दिवाकरबरोबर जीप घेऊन हनीफभाईंकडे गेलो.

हनीफभाई लगेच जीपखाली शिरले. खालचं तेलाचं भांडं उतरवलं, आतली जाळी काढून दाखवली. धुऊन निघालेल्या मळानं ती अर्धी बुजली होती. त्यांनी ती रॉकेलनं धुतली, मागचं सील बदललं आणि चाळीस नंबर भरलं. सगळं होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून राहिलो. शेवटी मी विचारलं, "त्या दूधवाल्याला तुम्ही चांगलं फैलावर घेतलंत. मला का नाही सांगितलं तसं?"

हनीफभाईंनी चष्मा काढून पुसला. "थो घरचा आहे, साहेब. तुमी पाहुने."

"आणि तू?" मी दिवाकरला म्हटलं.

"तू पुन्याहून डबा घेऊन आलता बे," तो म्हणाला. "साड्याइत गुंडाळून. काय म्हनू मी तुले?"

दवाखान्यात परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून मुलगी काढली होती. दोघी सुखरूप होत्या. सिस्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. भीमाबाई व्हरांड्यात फडक्यात गुंडाळलेली नात घेऊन बसल्या होत्या, आणि आसपासच्या बायांना सांगत होत्या की पुण्याच्या पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं तेल गाळून गाडी चालू केली.

ते मला ऐकवेना. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "भीमाबाई, गाडी माझ्यामुळेच बिघडली होती. ते तेल मी आणलं होतं."

त्यांनी मान वर केली. "मले मालूम हाये. साऱ्या गावाले मालूम हाये. काल तुमी राळेगावले गेलते तवा अंगनातला डाग आमीच बुजवला. गुरुजीची गाडी सात वर्सात कधी गळली नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुन्याले कोन बोलते?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पन आता तुमी इचारलंच हाये, तं सांगतो."

आणि त्यांनी सुरू केलं. सगळ्या व्हरांड्यासमोर. ज्या माणसाची विद्या त्याच्या गावात चालते त्यानं ती दुसऱ्याच्या गावात डब्यातून आणू नये. हनीफ चाळीस वर्षं गाड्या उघडतो, त्याच्यापुढे मी तोंड चालवलं, चहा त्याचा पिऊन. चढावर गाडी उभी होती तेव्हा त्यांच्या सुनेचा हात त्यांच्या हातात होता आणि तो गार पडत होता, आणि मी तिकडे तेल सांडत होतो. पोरीला काही झालं असतं तर त्यांनी वणीला मुलाला काय सांगितलं असतं? पुण्याच्या पाहुण्याचं तेल लय चांगलं होतं म्हणून? दहा मिनिटं त्या बोलत होत्या. मंदा तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की रडत होती ते मला आजही ठाऊक नाही. मी खाली मान घालून सगळं ऐकलं. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

बोलून झाल्यावर भीमाबाईंनी फडक्यातलं ते गाठोडं माझ्यापुढे केलं.

"घ्या."

मी हात मागे नेले. तीनदा साबण लावूनही नखांत तेल होतं. मी म्हटलं, हात काळे आहेत.

"आमच्यात साऱ्याइचेच असतात," त्या म्हणाल्या. "घ्या म्हटलं तं."

मी मुलीला घेतलं, पण माझा एक हात तिच्या पाठीखाली आणि मान मोकळीच.

"असं नाही धरत," भीमाबाई माझ्यावर ओरडल्या आणि माझं कोपर पकडून त्यांनी ते जागेवर आणलं. "मान सांभाळा. एवढंही येत नाही तुमाले?"

मी म्हटलं, नाही येत. आणि त्यांनी सांगितलं तसं धरून उभा राहिलो.